शरभाची रुंदी किती?

पत्राचा सारांश: वाचक २३ वर्षांचे आहेत. नोकरी सांभाळून रोज रात्री तासभर टॅब्लेटवर काल्पनिक प्राणी काढतात. गडांच्या दरवाजांवर कोरलेल्या शरभावर, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यावर, एक चित्रकथा करायचं त्यांच्या मनात आहे. बाजूने काढलेला शरभ झकास जमतो. तोच तिरका, समोरून किंवा वरून काढायला गेलं की चपटा होतो, पाय जमिनीला टेकत नाहीत, पंख मागून चिकटवल्यासारखे दिसतात. इमारती मात्र ते पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवत, बिनचूक काढतात. शिवाय शिंगं, काटे, आयाळ, खवले कितीही चढवले तरी त्यांचे सगळे प्राणी एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. त्यांचे प्रश्न असे: सहा महिने प्राणी बंद करून फक्त पर्स्पेक्टिव्ह आणि शरीररचना घोटू का? की ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून त्यातलं मॉडेल गिरवू? की माझ्याकडे कल्पनाशक्तीच कमी आहे?

उत्तर:

तुम्ही दोन दुखणी कळवलीत: पर्स्पेक्टिव्ह कच्चं आणि डिझाइन कच्चं. पत्रासोबतची चित्रं पाहिल्यावर दुखणं एकच आहे असं वाटतं. तुम्हाला तुमचा शरभ एकाच बाजूने ठाऊक आहे. तो किती लांब आणि किती उंच, हे पक्कं ठरलंय. तो किती रुंद, हे कधी ठरवलंच नाहीत. मग तिरका काढताना हात त्या क्षणी सुचेल ती रुंदी देऊन मोकळा होतो, आणि दर चित्रात ती वेगळी येते.

यात तुमचा फारसा दोष नाही, कारण तुमचा संदर्भच बाजूचा आहे. दरवाजावरचा शरभ हे उठावशिल्प. पाथरवटाला तो सपाट दगडातून थोडा उचलून दाखवायचा होता. अंगाचा डौल, शेपटीचा वळसा, पंजाखाली दाबलेला हत्ती, सगळं त्याने दिलं. रुंदी दिली नाही, कारण त्याला ती लागलीच नाही. तुम्हाला लागणार आहे.

शाळेत इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल तर घनभूमितीत प्लॅन आणि एलेव्हेशन काढलेलं आठवत असेल. ठोकळा समोरून कसा आणि वरून कसा, एकाखाली एक. तेच आता शरभाचं करा. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात बाजूने दिसणारा शरभ, आणि बरोबर त्याच्या खाली, उभ्या रेषा खाली आणून, वरून दिसणारा, म्हणजे त्याचा प्लॅन. डोक्याची लांबी हे माप धरा. समजा धड तीन डोकी लांब ठेवलंत, तर छाती एक डोकं रुंद, कंबर अर्धं डोकं, पुठ्ठा (शेपटीकडचा मागचा भाग) पाऊण डोकं, असे आकडे लिहूनच टाका. आकडे चुकले तरी चालतील, नंतर बदलता येतात. आकडाच नसेल तर बदलणार काय?

वरून पाहिलेला प्राणी बहुतेकांना अनोळखी असतो, म्हणून इथे जरा रेंगाळा. कुत्र्याची छाती खोल असते पण अरुंद. गाभण म्हशीचं पोट खांद्यांच्या बरंच बाहेर येतं. घोरपडीचं अंग खालून-वरून दाबल्यासारखं पसरट, आणि तिची कोपरं बाहेरच्या बाजूला फाकलेली. नुसत्या या तीन वरच्या बाह्यरेषा शेजारी शेजारी काढल्यात तरी कळेल की प्राण्याचा स्वभाव बाजूच्या चित्राइतकाच वरच्या चित्रातही असतो. जवळ गोठा असेल तर एखादी हडकलेली म्हैस पाठीमागून काढा. खुब्याची दोन हाडं कोपऱ्यांसारखी वर आलेली दिसतील, शेपटीच्या मुळाशी खाली आणखी दोन. हे चार बिंदू जोडलेत की मागच्या भागाचा ठोकळा, म्हणजे पुठ्ठ्याची पेटी, आपोआप कागदावर उतरते. ठोकळे कुठून आणायचे, हे म्हैस फुकट शिकवते.

आता तुमचं कोडं: इमारती जमतात, मग प्राणी का नाही? इमारतीच्या भिंती बहुधा एकमेकींना समांतर नाहीतर काटकोनात असतात, त्यामुळे सगळी इमारत त्याच दोन व्हॅनिशिंग पॉइंटांवर (समांतर कडा लांब जाताना जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूंवर) निभावून जाते. प्राण्याचं तसं नसतं. छाती एका दिशेला, पुठ्ठा जरा वळलेला, मान तिसरीकडे, डोकं कलतं. प्रत्येक भाग स्वतंत्र पेटी आहे आणि प्रत्येक पेटीला स्वतःचे व्हॅनिशिंग पॉइंट आहेत. पेटी जमिनीला समांतर असेल तर तिचे बिंदू क्षितिजरेषेवरच, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीच्या आडव्या रेषेवरच, पडतात, फक्त जागा वेगळी. कललेली असेल तर कललेल्या कडांचे बिंदू रेषेच्या वर किंवा खाली जातात. तुम्ही सगळ्या शरीराखाली एकच जाळी अंथरता आणि प्राणी तिच्यात कोंबता, म्हणून तो कपाटासारखा ताठ येतो. जाळी फक्त जमिनीसाठी ठेवा. छाती, पुठ्ठा आणि डोकं या तीन पेट्या वेगवेगळ्या वळवून त्या जमिनीच्या वर ठेवा आणि त्यांना पाठीच्या कण्याच्या एका वळणदार रेषेत ओवा.

व्हॅनिशिंग पॉइंट फार जवळ घेण्याची सवयही सोडा. तुमच्या दोन चित्रांत दोन्ही बिंदू कॅनव्हासच्या आतच आहेत, त्यामुळे जवळचा खांदा फुगून आलाय. प्राणी १५ सेंमी रुंद काढत असाल तर दोन बिंदूंमध्ये ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवा. कागदावर काम करताना कागद टेबलाला चिकटवा आणि बिंदू टेबलावर घ्या. टॅब्लेटवर प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ पेंट किंवा फुकट मिळणारं क्रिटा, तिन्हींत पर्स्पेक्टिव्हच्या मार्गदर्शक रेषा मिळतात. तिथे चित्र लहान करून बिंदू बाहेर लांब ओढता येतात.

पाय न टेकण्याचं कारण तुमच्या तिसऱ्या चित्रात स्पष्ट दिसतं. चारही पंजे एकाच आडव्या रेषेवर आहेत. चौघांचे तळवे एका रेषेवर दिसायचे तर पाहणाऱ्याचा डोळा जमिनीला टेकलेला हवा. पण त्याच चित्रात पाठ वरून दिसतेय, म्हणजे डोळा पाठीच्याही वर आहे. दोन डोळ्यांनी पाहिलेले दोन शरभ एकाच अंगात शिवलेत! उभ्या प्राण्यासाठी ढोबळ नियम असा: पाठीचा वरचा भाग दाखवायचा तर क्षितिजरेषा पाठीच्या वर हवी, पोटाची खालची बाजू दाखवायची तर पोटाच्या खाली. आणि सपाट जमिनीवर लांबचा पंजा कागदावर जवळच्या पंज्यापेक्षा जरा वर चढतो.

म्हणून पाय वरून खाली सोडत आणू नका, आधी जमिनीवर ठसे उमटवा. क्षितिजरेषा आखा. तिच्या खाली जमिनीवर, प्लॅनमधल्या मापाचा, तिरका पडलेला आयत काढा. कर्ण काढून मध्य शोधा आणि मध्यातून लांबीच्या दिशेने एक रेषा न्या. ही शरीराची मध्यरेषा, पाठीचा कणा हिच्या बरोबर वर येणार. स्थिर उभा असेल तर चार कोपऱ्यांशी चार ठसे. चालत असेल तर मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा या क्रमाने पाय पडतात, त्याप्रमाणे ठसे पुढेमागे सरकवा. मग ठशांवरून उभ्या रेषा वर नेऊन पुढे छातीची आणि मागे पुठ्ठ्याची पेटी टांगा. शेवटी ठशांमधली जागा हलकी काळी करा. डोक्यावर ऊन असतानाची सावली म्हणजे जवळजवळ तुमचा प्लॅनच. ती सावली प्लॅनशी जुळत नसेल तर वरचं शरीर कुठेतरी खोटं आहे.

तोलही इथेच तपासून घ्या. कुत्रा किंवा घोडा उभा असताना वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे शरीराच्या वजनाचा मध्य पुठ्ठ्यापेक्षा छातीच्या जवळ असतो. तिथून ओळंबा सोडा. टेकलेल्या पंज्यांच्या चौकोनात तो पडला तर प्राणी उभा राहतो. एक पंजा उचललात की तीन ठशांचा त्रिकोण उरतो आणि ओळंबा त्याच्या आत हवा. शरभाला मोठी शिंगं आणि दाट आयाळ दिलीत तर हा मध्य आणखी पुढे सरकतो. मग पुढचे पंजे पुढे घ्या, नाहीतर शेपूट जड करा.

गोल अवयवांसाठी बाजारातून एक वाकडं पडवळ आणा. त्याला दोन-दोन बोटांच्या अंतरावर ८-१० रबरबँड चढवा आणि एक टोक स्वतःकडे करून काढा. आधी फक्त रबरबँड काढा, पडवळाची बाह्यरेषा नंतर. तुमच्याकडे येणाऱ्या भागावरची कडी जवळजवळ गोल दिसतात, आडव्या भागावरची चिंचोळी. प्रत्येक लंबवर्तुळाचा आखूड अक्ष तिथल्या पडवळाच्या दिशेने असतो. तो तिरपा झाला की नळी पिळवटलेली दिसते. आणि लंबवर्तुळाच्या टोकांना करंजीसारखी टोकं येऊ देऊ नका, तिथेही वळण गोलच असतं. शेपूट, मान, पाय सगळे याच पद्धतीने. आठवडाभर वेगवेगळ्या बाजूंनी हेच पडवळ काढा. सुकत गेलं तरी ते कामाला येतं, वळणं वाढतात.

काट्यांकडे येऊ, कारण पर्स्पेक्टिव्ह आणि डिझाइन इथे एकमेकांना भेटतात. बाजूच्या चित्रात पाठीची बाह्यरेषा आणि कण्याची मध्यरेषा एकच असते, म्हणून काटे बाह्यरेषेवर बसवलेत ते बरोबर. प्राणी तिरका वळून थोडा वरून दिसला की मध्यरेषा बाह्यरेषेपासून सुटून अंगावर आत येते. तुम्ही काटे मात्र कडेलाच ठेवता, कंगव्याच्या दातांसारखे. ते आत घ्या, पडवळाच्या कड्यांवर एकेक बसवा आणि खांद्यावर मोठे, शेपटीकडे लहान करत न्या. शिंगांनाही हेच लागू. दोन्ही डोळ्यांतून एक रेषा काढा. शिंगांच्या बुडांतून जाणारी रेषा तिला समांतर, म्हणजे चित्रात त्याच बिंदूकडे जाणारी. ही एक रेषा काढली की चेहरे वाकडे येणं बहुतेक थांबतं.

हाडांबद्दल थोडंच, पण नेमकं. कुत्र्या-मांजराच्या मागच्या पायात 'उलटा गुडघा' दिसतो ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ, आणि तो पुढेच वाकतो. माणूस आणि अस्वल पूर्ण तळवा टेकवतात, कुत्रं आणि सिंह बोटांवर चालतात, घोडा एका बोटावर आणि गाय दोन बोटांवर. शरभाला सिंहाचे पाय देताना टाच जमिनीला लागू देऊ नका. पुढच्या पायाचं कोपर मागे वाकतं आणि छातीच्या खालच्या कडेजवळ असतं. खांद्याचं पातं छातीच्या कुशीवर सरकतं. दबा धरलेल्या मांजराची पाती कण्याच्या वर उठतात ती याचमुळे. हे एवढं घेतलंत तरी दबा धरलेला शरभ जिवंत वाटू लागेल.

पंख चिकटवल्यासारखे दिसतात कारण त्यांना खांदाच नाही. पंख म्हणजे हात आहे: दंड, पुढचा हात, मनगट, बोटं. वटवाघळाचा अंगठा मोकळा असतो आणि बाकीची चार बोटं पडदा ताणून धरतात. चार पाय असताना वर पंख दिलेत तर सहा हात-पाय झाले, म्हणून छातीवर दुसरी पाती आणि पंख खाली ओढणाऱ्या स्नायूंना जागा हवी. छातीची पेटी अर्धं डोकं लांबवा, पंखाचं मूळ पुढच्या खांद्याच्या मागे, कण्यापासून थोडं खाली घ्या आणि छाती खोल करा. मिटलेला पंख तीन घड्यांत बसतो का हे प्लॅनवरच पाहा. तिथे जो बसत नाही, तो चित्रात पोतं होतो.

आता भाऊ-भाऊ वाटण्याचं. शिंगं, काटे, पंख पुसून टाका, उरलेलं अंग काळं भरा आणि दोन सेंमीचं करून शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या चारही चित्रांतून बहुधा एकच कुत्रा निघेल. वेगळेपण दागिन्यांत नसतं, डोकं-छाती-पुठ्ठा यांच्या आपसातल्या प्रमाणात असतं. या तिघांसाठी फक्त तीन अंडी काढा, दोन मिनिटांत एक, अशी १२ रेखाटनं. एकात छाती प्रचंड आणि पुठ्ठा सुपारीएवढा, एकात डोकंच मोठं, एकात तिन्ही एका रेषेत लांबलचक. पाय नुसत्या काड्या. त्यातली जी दोन लांबूनही वेगळी ओळखू येतील तीच पुढे न्या. मग एका खऱ्या प्राण्याचा सांगाडा, दुसऱ्याची कातडी आणि तिसऱ्याची एकच खूण, इथे थांबा. ओडिशाच्या पटचित्रांतला नवगुंजर नऊ जीवांचा मिळून होतो, हे खरं. पण तिथे प्रत्येक अवयव कोणाचा हे ओळखण्यातच गंमत आहे, आणि तुम्हाला तर कथेत पळणारा, झोपणारा प्राणी हवाय.

शरभ केवढा, हाही डिझाइनचाच प्रश्न आणि तो तुम्ही टाळलाय. शिल्पात त्याच्या एका पंजाखाली अख्खा हत्ती मावतो. ते अक्षरशः घेतलंत तर प्राणी डोंगराएवढा होतो आणि सिंहाचे बारीक पाय त्याला पेलणार नाहीत. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. गॅलिलिओने १६३८ साली हाच हिशेब मांडला होता. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात ते म्हणूनच. तेव्हा ठरवा: एकतर खांबासारख्या पायांचा महाकाय शरभ, किंवा सिंहाएवढाच चपळ शरभ आणि पंजाखालचा हत्ती म्हणजे नुसतं पराक्रमाचं चिन्ह. दोन्ही चालतील, अर्धं-अर्धं नको. महाकाय निवडलात तर क्षितिजरेषेचा वापर करा. पाहणाऱ्याचा डोळा पाच फुटांवर असेल तर १५ फुटी शरभाला क्षितिजरेषा एक तृतीयांश उंचीवर कापते, आणि सपाट जमिनीवर तो जवळ असो की लांब, तिथेच कापते. शेजारी पाहणाऱ्याच्याच उंचीचा मावळा उभा केलात तर ती त्याच्या डोळ्यांतून जाते. आकार सांगायला दुसरं काही लागत नाही.

सहा महिने प्राणी बंद करू नका. सुटे अभ्यास वहीत राहतात, हातात उतरत नाहीत. रोजच्या तासातली २० मिनिटं अभ्यासाला द्या आणि उरलेल्या ४० मिनिटांत तोच अभ्यास शरभावर खर्च करा. आज बकरीचा मागचा पाय पाहिलात तर आजच तो शरभाला लावून बघा, बरा दिसला नाही तरी.

ब्लेंडर जरूर वापरा, पण आधी हाताने काढा आणि मग तपासा. प्लॅनमधली मापं घेऊन ठोकळे, गोळे आणि नळकांड्यांचा शरभ १५ मिनिटांत उभा राहतो. तो तुमच्या चित्राच्या कोनात फिरवा आणि कुठे फरक पडला ते लाल रंगाने खुणावा. थेट गिरवलंत तर चूक कुठे होत होती हे कधीच कळणार नाही. त्यापेक्षा वेगवान हवं असेल तर बारीक तारेवर मुलांच्या क्लेचा चार इंची शरभ करा. शाडू नको, ती वाळताना तडकते आणि पाय गळून पडतात. क्लेच्या शरभाचे फोटो काढताना मोबाइल नाकाला लावू नका. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, जवळून नाक फुगतं आणि पुठ्ठा नाहीसा होतो. तीन-चार पावलं मागे जा आणि झूम करा.

कल्पनाशक्तीचा प्रश्न १२ अंड्यांच्या कागदानंतर पुन्हा विचारा. सध्या तुम्ही एकाच आकाराला १२ वेगवेगळे कपडे घालताय.

पुढचा कागद कुठला घ्यायचा, तर मागून दिसणारा शरभ. ते चित्र तुम्ही पाठवलं नाहीत, बहुधा कधी काढलंही नसेल. पुठ्ठ्याची पेटी सर्वांत जवळ आणि मोठी, तिच्यावर शेपटीचं मूळ, तिच्यामागे छातीचा फक्त वरचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना डोकावणारी खांद्याची पाती. डोकं बहुतेक झाकलेलं, फक्त एक कान आणि शिंगाचं टोक. आयाळ आणि खवले या कागदावर अजिबात नकोत.